नकाशावरचं ते छोटं अक्षर परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर ‘शेतात झाडं कुठे वाढतील’ हे दाखवणारा रंगीत नकाशा नुकताच छापून आला. गडद हिरवा म्हणजे अति योग्य, फिकट हिरवा म्हणजे मध्यम, पिवळा म्हणजे जेमतेम आणि लाल म्हणजे अयोग्य. शेतात झाडं वाढावीत असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे या विषयाला एवढी जागा दिल्याबद्दल आधी आभार मानते. पण नकाशा बराच वेळ समोर ठेवून बसले, आणि त्यात जे नव्हतं, म्हणजे जमिनीची अडचण कुठली हे सांगणारं एक छोटं अक्षर, ते इतकं डाचत राहिलं की हे पत्र लिहायला घेतलं.

मी एकतीस वर्षं मृदा सर्वेक्षणात काम केलं. शेतात खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, थर मोजायचे, सुरीच्या टोकाने माती उकरून तिचा पोत बोटांनी पाहायचा, आम्लाचे थेंब टाकून चुना किती ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं, हे माझं काम. असे काही हजार खड्डे झाले असतील. आमच्याबरोबर खड्डे खणायला एक काका असत. त्यांना मातीचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण पहारीचा आवाज बदलला की ते हात थांबवून माझ्याकडे बघत. खाली काय लागलंय ते त्यांना माझ्याआधी कळलेलं असे.

सेवानिवृत्तीनंतर एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. तीन हेक्टर जमीन, त्यातल्या एका सलग तुकड्यावर साग लावलेला. एका कार्यालयाने तयार केलेल्या नकाशात त्याचं शेत गडद हिरव्या रंगात होतं, आणि त्या भरवशावर त्याने रोपं लावली होती. पहिली दोन वर्षं झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. तिसऱ्या वर्षी पानं लहान येऊ लागली, चौथ्या वर्षी शेंडे वाळायला लागले. कुणी रोग म्हणालं, कुणी पाणी कमी पडतंय म्हणालं. त्याने फवारण्या केल्या, टँकरने पाणी घातलं. काही उपयोग झाला नाही. “ताई, नकाशात तर माझी जमीन एक नंबर आहे,” असं तो मला म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटत होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आम्ही एका वाळत्या झाडाच्या बुंध्यापासून दोन फुटांवर खड्डा घेतला. वरचे वीस सेंटिमीटर भुसभुशीत, गडद माती. त्याखाली साधारण पन्नास सेंटिमीटरपर्यंत चिकट, पण मुळांना चालेल अशी. आणि मग पहार खणकन वाजली. पांढुरका, घट्ट जमलेला चुनखडीचा थर. त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकले तर फेस उसळला. झाडाच्या बाजूची माती ब्रशने हळूहळू काढली, तेव्हा सोटमूळ दिसलं. सरळ खाली आलेलं, त्या थराला टेकलेलं आणि तिथून काटकोनात वळून आडवं गेलेलं. झाडाची पहिली दोन वर्षं वरच्या मातीवर भागली. पुढे झाड मोठं झालं, त्याची तहान वाढली आणि मुळांना खाली वाट नव्हती.

यातली एक गोष्ट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. रोपं लावताना घेतलेले खड्डे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल होते. सर्रास सांगितलं जातं तेच माप. कडक थर त्याच्या जेमतेम चार बोटं खाली होता. पहार आणखी चार बोटं खाली गेली असती, तर लावणीच्या पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं.

त्याच शेताच्या दुसऱ्या कडेला ओढ्यालगत नकाशात पिवळा पट्टा होता, म्हणजे जेमतेम योग्य. तिथे दीड मीटर खोल गेलो तरी पहार कुठेच अडली नाही. वर्षानुवर्षं पुराने आणून टाकलेली मऊ, ओलसर गाळाची माती. काठावरची जुनी झाडं तेच सांगत होती. तिथे पिवळा रंग का आला, तर ओढ्याचा काठ तीव्र उताराचा आणि नकाशाच्या चौकटीने (नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांचा बनतो, त्यातल्या एकाने) काठ व गाळपट्टी मिळून एकच उतार धरला. म्हणजे जिथे झाडं लावू नयेत तिथे हिरवा आणि जिथे लावावीत तिथे पिवळा.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. जमिनीची योग्यता ठरवण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७६ मध्ये घालून दिली. तिच्यात योग्य जमिनीचे तीन वर्ग आहेत: एस-१ अति योग्य, एस-२ मध्यम योग्य, एस-३ जेमतेम योग्य. अयोग्य जमिनीचे दोन: एन-१ म्हणजे सध्या अयोग्य आणि एन-२ म्हणजे कायमची अयोग्य. रंगीत नकाशे याच वर्गांवरून आले. पण त्या चौकटीत वर्गाच्या आकड्यापुढे एक बारीक अक्षरही जोडलेलं असतं. जमीन दुसऱ्या वर्गात का गेली, तिसऱ्यात का गेली, याचं कारण ते अक्षर सांगतं. ओलाव्याची कमतरता असेल तर ‘एम’, धुपीचा धोका असेल तर ‘ई’, दोन्ही असतील तर दोन्ही अक्षरं. एस-१ ला असं अक्षर नसतं, कारण तिथे ठळक अडचणच नसते.

हे अक्षर कागदावर नगण्य दिसतं, पण शेतकऱ्याच्या उपयोगाचं तेवढंच असतं. ‘तुझी जमीन मध्यम आहे’ हे ऐकून तो काय करणार? ‘तुझ्या जमिनीत पाणी टिकत नाही’ असं सांगितलं तर तो आच्छादन करील, चर काढील, कमी पाण्यावरचं झाड निवडील. ‘धूप होते’ म्हटलं तर उताराला आडव्या ओळी लावील. ‘खाली कडक थर आहे’ म्हटलं तर साग लावणारच नाही. आजच्या बहुतेक नकाशांत वर्गाचा रंग उरला आणि कारणाचं अक्षर गळून पडलं. एन-१ आणि एन-२ यांचाही एकच लाल रंग झाला. निचरा सुधारला तर उद्या कामाला येईल अशी पाणथळ जमीन आणि उघडा पडलेला कातळ, दोन्ही एकाच रंगात रंगवले, तर लाल पट्ट्यातला शेतकरी उगाच हात टेकतो.

अक्षर गळण्याचं कारण नकाशा बनवण्याच्या पद्धतीत आहे. पाऊस, तापमान, उतार, पोत, खोली, सामू (आम्ल-अल्कता) असे माहितीचे एकेक थर घेतात, प्रत्येक थराला एक ते पाच गुण देतात, प्रत्येक थराचं वजन ठरवतात आणि सगळ्याची बेरीज करतात. समजा पाच थर आहेत आणि प्रत्येकाचं वजन वीस टक्के. पाऊस, तापमान, उतार आणि पोत यांना पाचपैकी पाच, आणि खोलीला पाचपैकी एक. बेरीज येते ४.२, म्हणजे शेकडा ८४. नकाशा गडद हिरवा. त्या तरुणाच्या शेतात नेमकं हेच झालं. पाऊस चांगला असला म्हणून जमिनीची खोली वाढत नाही, पण बेरीज मात्र तसंच धरून चालते.

झाडाचं गणित बेरजेचं नाही. सगळ्यात कमी जे आहे, तिथे झाड अडतं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी हा नियम एकोणिसाव्या शतकातच मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो जगभर नेला. त्यामुळे ज्या गोष्टींची भरपाई दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही (खोली, क्षार, साचून राहणारं पाणी) त्यांच्यासाठी बेरीज न करता सर्वांत कमी गुण हाच अंतिम धरावा. १९७६ च्या चौकटीतही अशी सोय आहे. ती वापरली की कारणाचं अक्षर आपोआप मिळतं, कारण जो गुण सर्वांत कमी तोच अडथळा.

वजनं ठरवण्यासाठी अनेक जण गणितज्ञ टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत वापरतात. तज्ज्ञांना दोन-दोन घटक समोर ठेवून विचारायचं, यातला कुठला किती पट महत्त्वाचा, आणि उत्तर एक ते नऊमध्ये घ्यायचं. शेवटी एक सुसंगतीचा आकडा निघतो आणि तो ०.१० च्या आत आला की वजनं स्वीकारली जातात. पद्धत चांगली आहे, मीही वापरली आहे. पण तो आकडा इतकंच सांगतो की तज्ज्ञाची उत्तरं एकमेकांना फारशी छेद देत नाहीत. उत्तरं जमिनीला धरून आहेत की नाहीत, ते त्यातून कळत नाही. अहवालात हा आकडा अचूकतेचा दाखला म्हणून छापलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी बेचैन झाले आहे.

दुसरी गोष्ट नकाशातल्या चौकोनी चौकटीच्या आकाराची. २०१५ पासून अवकाशात असलेल्या सेंटिनेल-२ मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं दहा मीटरपर्यंत बारीक असतात. एकेका मोठ्या झाडाचा घेर त्यात जाणवतो. उताराची माहिती बहुतेक वेळा २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीतून येते. तिची चौकट तीस मीटरची. (त्या रडारला दाट झाडी असेल तिथे जमिनीऐवजी बऱ्याच अंशी झाडांचे शेंडे लागले, त्यामुळे आधीच झाडं असलेल्या शेताचा उतार त्यात चुकू शकतो. हे नकाशा वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.) मातीची जगभराची माहिती नेदरलँड्समधल्या आयएसआरआयसी या संस्थेच्या ‘सॉइलग्रिड्स’मधून मिळते. तिची चौकट अडीचशे मीटरची. म्हणजे एक चौकट सव्वासहा हेक्टर, पंधरा एकरांहून थोडी जास्त. माझ्याकडे आलेल्या तरुणाचं अख्खं शेत अशा चौकटीच्या निम्म्यात बसतं. त्या शेतातली साडेचार हातांची गाळपट्टी तिला दिसणार कुठून?

आणि हे सगळे थर एकत्र करताना अडीचशे मीटरच्या चौकटीचे दहा-दहा मीटरचे तुकडे करतात. तुकडे केल्याने नवं काही कळत नाही, चित्र तेवढं बारीक दिसू लागतं. फोनवर नकाशा मोठा करत करत स्वतःच्या बांधापर्यंत पोहोचलेल्या शेतकऱ्याला वाटतं की कुणीतरी इथे येऊन पाहून गेलं आहे.

कुणी आलेलं नसतं. सॉइलग्रिड्सच्या दुसऱ्या आवृत्तीमागे जगभरातल्या सुमारे २ लाख ४० हजार ठिकाणांच्या मातीच्या नोंदी आहेत. आकडा मोठा वाटतो, पण बर्फ नसलेली जमीन साधारण १३ कोटी चौरस किलोमीटर आहे. सरासरी काढली तर पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्रामागे एक नोंद, आणि तीही सारखी विखुरलेली नाही. मधल्या जागा गणिताने भरलेल्या आहेत. ते गणित करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी प्रत्येक चौकटीत अंदाज किती डळमळीत आहे तेही सोबत प्रसिद्ध केलं. पुढे आपल्यासारख्या वर्तमानपत्रांपर्यंत आणि शेतकऱ्यांच्या फोनपर्यंत येता येता ती अनिश्चितता वाटेतच टाकून दिली जाते.

उपग्रहाला पान दिसतं, मुळाखालचं दिसत नाही. खोली तर चढउतार, हवामान आणि वरची वनस्पती पाहून ताडलेली असते. जिथे खड्डे कमी, तिथे हा अंदाज सगळ्यात कच्चा, आणि झाडाला तर खोलीच सगळ्यात जास्त लागते. हंगामी पीक एक-दीड फूट मातीवर निघून जातं. झाडाचं तसं नाही.

हवामानाबद्दल थोडंच लिहिते. हवामानाचा एक फार वापरला जाणारा संच १९७० ते २००० या काळाच्या सरासरीवर उभा आहे. आज लावलेला साग त्या काळात नाही, २०५० च्या आसपासच्या हवेत उभा असेल. नकाशाच्या कोपऱ्यात हवामान कुठल्या वर्षांचं धरलं आहे, एवढं तरी लिहायला हवं.

आपल्या नकाशाच्या शीर्षकात नुसतं ‘झाडं’ असं होतं, ते मला खटकलं. १९७६ च्या त्याच चौकटीचा पहिला आग्रह असा की जमीन कशासाठी योग्य हे सांगितल्याशिवाय ‘योग्य’ या शब्दाला अर्थ नाही. बांधावर विरळ लावलेलं झाड, पिकाच्या ओळींमध्ये लावलेलं झाड आणि सलग लागवड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पिकाशेजारच्या झाडाने पिकाचं ऊन आणि पाणी किती घेतलं, हेही योग्यतेतच येतं. आफ्रिकेतल्या फायदर्बिया अल्बिडा या झाडाचं उदाहरण मला फार आवडतं. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं. खालच्या ज्वारी-बाजरीला पावसाळ्यात पूर्ण ऊन मिळतं आणि गळलेल्या पानांचं खतही मिळतं. ज्या शेतात दाट सावलीचं झाड पिकाला मारक ठरेल, त्याच शेतात हे झाड चालतं. मग त्या शेताला कुठला रंग द्यायचा? झाडाचं नाव आणि लावण्याची पद्धत ठरल्याशिवाय देताच येणार नाही.

त्याच खंडातल्या नायजरमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परत आणली, तीही बहुतेक ठिकाणी एकही रोप न लावता. तोडलेल्या झाडांची खोडं आणि मुळं शेतात जिवंत होती. दरवर्षी फुटणारे फुटवे नांगराखाली घालण्याऐवजी त्यातले निवडक राखायचे आणि बाकीचे छाटायचे, एवढंच. ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी तिथल्या मराडी भागात या पद्धतीचा प्रसार केला. योग्यतेच्या कुठल्याही नकाशात ‘जमिनीखाली जिवंत मुळं आहेत’ असा थर नव्हता. तो शेतकऱ्याच्या डोळ्यात होता, कारण दर हंगामात ते फुटवे तोच तोडत होता. झाड सरकारचं नसून आपलं आहे, ही भावना रुजली तशी ही राखण वाढली. झाड आपलं न वाटणं, या अडथळ्यालाही एखादं अक्षर असायला हवं. आपल्या देशाच्या २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणानेही शेतातल्या झाडांच्या तोडीचे आणि वाहतुकीचे नियम सोपे करण्याची गरज मांडली होती. माती एस-१ असली, तरी आपणच वाढवलेलं झाड तोडता येईल की नाही याची धास्ती असेल तर शेतकरी रोप कशाला लावील?

जगातल्या शेतजमिनीपैकी ४३ टक्के जमिनीवर २०१० साली किमान दहा टक्के वृक्षाच्छादन होतं, असं उपग्रहांच्या माहितीवरून निघालं आहे. नकाशे येण्याआधी, कुणाचं मार्गदर्शन नसताना, शेतकऱ्यांनी ही झाडं लावली आणि राखली. कुठल्या कोपऱ्यात कुठलं झाड टिकतं, हे त्या झाडांनीच लिहून ठेवलेलं आहे. नकाशा तपासायचा असेल तर याहून चांगली कसोटी नाही. पन्नास वर्षांचं डेरेदार झाड लाल पट्ट्यात उभं असेल तर चूक झाडाची नव्हे.

मी नकाशांच्या विरोधात नाही, हे आवर्जून लिहिते. एवढ्या मोठ्या प्रदेशात खड्डे आधी कुठे घ्यायचे, रोपवाटिकांनी कुठली रोपं तयार ठेवायची, पैसा कुठे लावायचा, हे नकाशाशिवाय ठरवता येत नाही. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. तालुक्याच्या नियोजनासाठी केलेला नकाशा एका शेताचा निकाल म्हणून शेतकऱ्याच्या हाती पडतो. आपण असा नकाशा पुन्हा छापाल तेव्हा त्याच्या कोपऱ्यात मातीची चौकट किती मीटरची आहे, प्रत्यक्ष किती खड्ड्यांवर तो तपासला आहे आणि कुठल्या झाडासाठी आहे, हे छापा. बनवणाऱ्यांकडे ही माहिती नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापा, तेही वाचकाच्या कामाचं आहे. आणि प्रत्येक रंगावर अडथळ्याचं अक्षर मागून घ्या. ते त्यांच्या संगणकात असतंच, कारण गुण देताना प्रत्येक थर वेगळा असतो. फक्त छापायला सांगावं लागतं.

शेतकऱ्यांना माझी विनंती आहे की रोपासाठी खड्डे घ्यायच्या आधी शेताच्या उंच भागात, मधे आणि सखल भागात एकेक खड्डा मीटरभर तरी खोल घ्या. माती काढायचं गिरमिट मिळालं तर काम अर्ध्या तासाचं आहे. आत करड्या मातीत तांबूस ठिपके दिसले तर तिथे पाणी साचतं. पांढरे खडे लागले, पहार वाजली, तर त्याच्या खोलीची नोंद करा. पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर निचऱ्याची अडचण आहे. आसपास विहिरीचं किंवा रस्त्याचं खोदकाम झालं असेल तर त्या कापलेल्या कडेत सगळे थर आयतेच दिसतात.

त्या तरुणाने सागाचा वाळलेला तुकडा काढला आणि तिथे पुन्हा हंगामी पीक घेतो आहे. ओढ्याकाठच्या पिवळ्या पट्ट्यात त्याने गेल्या पावसाळ्यात नव्याने रोपं लावली, या वेळी आधी खड्डे पाहून. नकाशाची त्याची प्रत माझ्याकडे आहे. तिच्या हिरव्या भागावर मी पेन्सिलीने ‘खो’ लिहिलं आहे, म्हणजे खोली, आणि पुढे ५० हा आकडा. पिवळ्या पट्ट्यावर मी आधी लिहिलेला ‘उ’, म्हणजे उतार, खोडून तिथे १५० लिहिलं आहे. त्याच्या संमतीने त्या कागदाची झेरॉक्स या पत्राला जोडत आहे. जागा असेल तर पत्राऐवजी तीच छापा.

आपली,
एक वाचक
(निवृत्त मृदा सर्वेक्षक)